तीन तासांचा कांदा

"द्या इकडं तो चाकू. मी चिरते पटकन."

"तू निजून राहा."

"निजून निजून पाठीवर दिवाणाची नक्षी उठली माझ्या. सहा तर कांदे! तुमचं आपलं सोनं तोलायला बसल्यासारखं चाललंय."

रुश्तू उस्ताने मान वर केली नाही. "कांदा पटकन चिरायचा नसतो," तो म्हणाला, आणि पुढची फोड कापली. प्रत्येक फोड सारख्या जाडीची, अर्ध्या चंद्राची. चाकू त्याचा स्वतःचा होता, अंकाऱ्याहून निवृत्तीच्या दिवशी फडक्यात गुंडाळून आणलेला. दोन वर्षं तो कपाटावर पडून होता. आज रविवारी सकाळी सव्वासातला त्याने तो खाली काढला आणि परातीच्या कडेवर घासून धार बघितली, तेव्हा सबिहा दिवाणावरून टक लावून बघत राहिली होती. एकेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या हातात तिने चाकू बघितला नव्हता.

यात काही नवल नाही. आमच्या मेंगेन गावात दर दुसऱ्या घरात एक उस्ता, म्हणजे कसबी आचारी आहे, आणि तो आचारी घरात नाही. कुणी अंकाऱ्यात, कुणी जहाजावर, कुणी थेट जर्मनीत. वर्षाकाठी वीस दिवसांची रजा घेऊन गावी आला, की तो चहाची किटलीसुद्धा उचलत नाही. जगाला रांधून घालणाऱ्या माणसाला घरी बायकोने रांधून घालायचं, हा इथला मान. रजेवर येऊन कुणी चुकून झारा हातात धरलाच, तर चहाच्या दुकानात त्याला सुखाने बसू देत नाहीत. म्हणून बाहेरगावचे लोक मेंगेनच्या आचाऱ्यांची तारीफ करतात तेव्हा मेंगेनच्या बायका नुसत्या ऐकून घेतात. त्यांना त्यातलं काही ठाऊक नसतं.

आदल्या दिवशी लोणी आणायला रुश्तू दुकानात गेला, तर हयाती दारातच उभा. हयातीने तीस वर्षं जहाजावर रांधलं होतं आणि आता तो फक्त जीभ चालवत होता.

"काय रे उस्ता, ऐकलं ते खरं? उद्या घरी चूल पेटवणार म्हणे?"

"पेटवणार."

"मग टोपीपण घालणार का ती उंच? आणि वहिनींनी हाक मारल्यावर, 'आलो मॅडम' म्हणणार?"

दुकानातले दोघंतिघं हसले. रुश्तूही हसला. मग हयातीचा आवाज खाली आला. "कशा आहेत वहिनी?"

"आहे."

"अल्ला आराम देवो," हयाती म्हणाला, आणि लोण्याच्या पुड्याकडे बघत राहिला. सगळ्या गावाला माहीत होतं. सप्टेंबरचं ऊन तापलेलं असताना जिल्ह्याच्या इस्पितळात सबिहाचं पोट उघडलं होतं आणि काही न काढता पुन्हा शिवलं होतं. डॉक्टर तरुण होता, भला होता. रुश्तूला बाजूला घेऊन म्हणाला, "चाचा, आता पथ्यबिथ्य काही नाही. बर्फ पडेपर्यंत आहेत त्या, फार तर थोडं पुढं. त्यांना जे आवडतं ते करून घाला."

"घालतो," रुश्तू म्हणाला होता, अगदी ठामपणे, जसा तो हॉटेलच्या मॅनेजरला म्हणायचा.

परतीच्या बसमध्ये सबिहा खिडकीला डोकं टेकून झोपली, आणि तेव्हा रुश्तूच्या लक्षात आलं, की तिला काय आवडतं ते त्याला माहीत नाही.

त्याने तिला विचारून बघितलं. "काही नको वाटतं," ती म्हणाली. बुर्साला लेकीला फोन लावला. गुल्तेन तिकडे रडू आवरत म्हणाली, "आईला? आई सगळंच खाते बाबा. आईची कसली आवडनिवड?" महिनाभर त्याने शेजारपाजाऱ्यांनी आणलेली सुपं तिच्यापुढे धरली. दोन घोट घेऊन ती वाटी बाजूला सारायची. अंगावरचे कपडे दर आठवड्याला सैल होत होते. शेवटी त्याने ठरवलं, की तिची आवड माहीत नाही तर नाही, आपल्याला जे सगळ्यात चांगलं येतं ते करून घालायचं. एक घास तरी तिने चवीने खावा. बाकी त्याने देवाकडे मागणं सोडलं होतं.

आणि रुश्तू उस्ताला सगळ्यात चांगलं काय येतं, हे अंकाऱ्यातल्या निम्म्या खवय्यांना ठाऊक होतं. कांद्यावरची अंडी.

साधा पदार्थ. पण पूर्वी म्हणे सुलतानाच्या मुदपाकखान्यात मोठ्या हुद्द्यावर माणूस नेमताना हीच परीक्षा घेत. कांदा तीन तास मंद आचेवर ठेवायचा, करपू द्यायचा नाही, कच्चा राहू द्यायचा नाही, आणि मग त्याच्यावर अंडी. ज्याला तीन तास कांद्यापाशी उभं राहण्याचा धीर आहे, त्याच्या हाती कोठीच्या किल्ल्या. आमच्याकडे ही गोष्ट लहान पोरांनासुद्धा पाठ असते. रुश्तू ज्या हॉटेलात एकोणीस वर्षं होता, तिथे रविवारच्या उशिराच्या न्याहारीला हीच अंडी असायची. लोक अकराला उठून यायचे, दीडपर्यंत बसायचे. वर्तमानपत्रं, चहा, पुन्हा चहा. रुश्तू मुदपाकखान्याच्या दाराच्या गोल काचेतून बघायचा. एक बाई यायची, चपला काढून एक पाय खुर्चीवर घेऊन बसायची आणि त्याच्या अंड्यांतली शेवटची रेघसुद्धा ब्रेडने पुसून खायची.

"तेव्हा मला वाटायचं, सबिहाला एकदा असं बसवावं," असं त्याने काल फोनवर गुल्तेनला सांगितलं. खरं सांगायचं तर तेव्हा त्याला असं काही वाटलं नव्हतं. तेव्हा त्याला एवढंच वाटायचं, की बाईने ताट स्वच्छ केलं, बरं झालं.

शेगडी दिवाणखान्यातच होती, पत्र्याची, लाकडावर चालणारी. आमच्याकडे थंडी लागली की तीच एक खोली ऊबदार, आजारी माणूस तिथेच, जेवणं तिथेच. गॅसपेक्षा शेगडीचा वरचा पत्राच या कामाला बरा, हे रुश्तूला पहिल्यापासून माहीत होतं. त्याने जाड बुडाची कढई पत्र्याच्या कडेला ठेवली, लोणी वितळवलं, सगळा कांदा एकदम आत सोडला आणि लाकडी डाव घेऊन समोर स्टूल टाकून बसला.

"मीठ कुठं असतं?"

"निळ्या डब्यात."

"निळ्या डब्यात साखर आहे."

"तो फिका निळा. दुसरा बघा."

मीठ सापडलं. चिमूटभर. साखर त्याने घातली नाही. कांद्याचा रंग लवकर यावा म्हणून साखर घालणाऱ्यांना तो आयुष्यभर चोर म्हणत आला होता. कांद्यात स्वतःची साखर असते, ती बाहेर यायला वेळ लागतो, एवढंच. हे त्याने सबिहाला सांगितलं. हाताखालच्या कितीतरी लोकांना त्याने हे शिकवलं होतं, बायकोला आज पहिल्यांदा सांगत होता. सांगताना त्याला बरं वाटलं.

"म्हणजे तीन तास असंच बसायचं?" सबिहाने विचारलं.

"असंच."

"आणि मी उगीच समजत होते तिकडं तुम्ही काम करता."

तो मोकळेपणी हसला. कितीतरी दिवसांनी घरात थट्टा झाली होती. त्याने डाव फिरवला. कांदा मऊ पडायला लागला होता, त्याचा वास लोण्यात मिसळून खोलीभर झाला होता. मागे कडी वाजली. सबिहाने हात लांबवून डोक्याशी असलेली खिडकी उघडली होती.

"अगं, काय करतेस? वारा लागेल."

"जरा मोकळं वाटतं."

"मोकळं वाटतं म्हणे! झोत बसला की छातीत उतरतो." तो उठला, खिडकी लावली, कडी घट्ट केली, आणि तिच्या पायांवरची गोधडी सारखी केली. वाऱ्याच्या झोताला आमच्याकडे माणूस जेवढा भितो तेवढा लांडग्याला भीत नाही. सबिहाने डोक्यावरच्या रुमालाचं टोक ओढून नाकावर घेतलं. तिला थंडी वाजतेय असं समजून रुश्तूने शेगडीत आणखी एक लाकूड सारलं, आणि मग आच वाढली म्हणून कढई आणखी कडेला ओढली.

नऊ वाजले. कांद्याने पाणी सोडलं, पाणी आटलं, रंग गव्हाळ झाला. सबिहा भिंतीला धरून उठली आणि मागल्या अंगणात गेली. तो मागे जाऊ लागला तर हातानेच 'बसा' म्हणाली. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि कपाळावरचे केस ओले होते. "पोट," ती म्हणाली. रुश्तूने मान हलवली. तिच्या पोटाचं तो काय विचारणार!

"तिकडं न्याहारीला बायका येतात?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"येतात की."

"नवऱ्यांबरोबर?"

"नवऱ्यांबरोबर. मैत्रिणींबरोबर. एकट्यासुद्धा येतात."

"एकट्या? आणि काय करतात?"

"बसतात."

"नुसत्या?"

"नुसत्या. चहा पितात. बाहेर बघतात."

सबिहा छताकडे बघत राहिली. "बाई गं," ती म्हणाली, आणि रुमालाच्या आत हसली. "आणि घरी त्यांचं कोण करतं?"

रुश्तूने याचा कधी विचार केला नव्हता. "असेल कुणीतरी," तो म्हणाला.

दहाच्या सुमाराला कांदा खजुराच्या रंगाचा झाला. सहा कांद्यांचा ढीग आता मूठभर उरला होता, चकचकीत, डावाला चिकटणारा. त्याने व्हिनेगरचे चार थेंब टाकले, बोटाच्या चिमटीने दालचिनीची पूड भुरभुरवली. सबिहा मध्ये पुन्हा एकदा अंगणात जाऊन आली होती, आणि आल्यावर तिने पुन्हा खिडकीची कडी काढली होती, आणि त्याने ती पुन्हा लावली होती. "हट्ट करू नकोस लहान मुलासारखा," तो प्रेमाने म्हणाला होता.

मग त्याने टेबल दिवाणाजवळ ओढलं. हॉटेलात मांडतात तसं मांडायचं होतं. पांढरं चीज, काळी ऑलिव्ह, मध, साय, तिनेच गेल्या वर्षी केलेला रानगुलाबाच्या बोंडांचा मुरंबा. चहाचे छोटे पेले. सबिहाची नजर टेबलावर फिरत होती. "चमचे कमी आहेत," असं म्हणून ती उठायला लागली. त्याने तिला खांद्याला धरून बसवलं. "कापडाला सुरकुती आहे," ती म्हणाली. "असू दे," तो म्हणाला. "चहा मी ओतते, तुम्ही सांडाल." "सबिहा, तुला आज काही करायचं नाहीये. तू पाहुणी आहेस. आरामात बसायचं आणि खायचं." ती बसली, पण हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. शेवटी तिने ते मांडीवर एकावर एक ठेवले, फोटो काढून घ्यायला बसतात तसे.

अंडी त्याने चार घेतली. जास्त फेटली नाहीत, काट्याने दोनदा मोडली आणि कांद्यावर सोडली. डाव सावकाश, कडेकडेने. अंडी धरायला लागली की कढई उचलायची, सैल पडली की पुन्हा टेकवायची. हे शेवटचं दीड मिनिट हाच सगळा खेळ. त्याचा हात अजून तसाच चालत होता, याचा त्याला आनंद झाला. ओलसर असतानाच त्याने ती थाळीत काढली आणि तिच्यापुढे ठेवली.

"घे."

सबिहाने थाळीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. रुमाल नाकावरून खाली केला. चमचा भरला आणि तोंडात घातला. सावकाश चावलं. गिळलं.

"मीठ?"

"बेताचं आहे."

"कांदा?"

"विरघळलाय नुसता."

दुसरा चमचा. तिसरा. रुश्तूचा स्वतःचा चहा निवून गेला, त्याचं लक्ष तिच्या घशाकडे होतं. महिन्याभरात तिने एका वेळी तीन घास खाल्ले नव्हते. चौथा घेतला. पाचव्याला ती जरा थांबली, डोळे मिटले, आणि तोही घेतला.

"हाताला आयुष्य लाभो तुमच्या," ती म्हणाली.

"अंगी लागो," तो म्हणाला. "आणखी वाढू?"

"वाढा."

त्याने वाढलं, तिने त्यातलेही दोन घास घेतले. त्या क्षणी त्याला वाटलं, की डॉक्टर काहीही म्हणो, माणूस जेवायला लागला की काहीही होऊ शकतं. उद्या बाजारातून कोकराचं मटण आणायचं, भाजलेल्या वांग्यावर ते घालून हंकार बेयेंदी करायची, वांगं शेगडीवरच भाजता येईल. तो मनातल्या मनात आठवड्याची यादी करायला लागला.

दार ढकलून नेजिहे आत आली. नेजिहे म्हणजे सबिहाची धाकटी बहीण, खालच्या आळीत राहणारी. हातात फडक्यात गुंडाळलेला गरम ब्रेड. "हे दिवस सरोत, आब्ला," असं थोरल्या बहिणीला म्हणत ती पुढे झाली आणि थबकली. तिने थाळीकडे बघितलं. मग हवा हुंगली.

"आब्ला! कांदा खातेस तू?"

"ब्रेड ठेव आणि बस," सबिहा म्हणाली.

"अगं पण..."

"नेजिहे. बस म्हटलं ना."

रुश्तू अजून खुशीतच होता. "का गं? खाऊ नये की काय? तीन तास शिजवलाय."

"एनिश्ते, थट्टा करता होय माझी?" नेजिहेही हसायला लागली. मेहुणा थट्टेखोर नाही हे तिला उशिरा आठवलं असावं, कारण हसू अर्ध्यावरच राहिलं. "हिला तर कांद्याचा वाससुद्धा..."

सबिहा उठली. या वेळी भिंत धरायचं तिला सुचलं नाही. अंगणातल्या नळापर्यंत ती पोचली आणि वाकली. पाचही घास गेले, वरचे वाढलेलेही गेले, आणि मग नुसतं हिरवं पाणी पडत राहिलं. नेजिहेने तिचं कपाळ धरलं. रुश्तू दारात उभा राहिला. हातातला डाव कुठे ठेवावा हे त्याला समजत नव्हतं.

बहिणीला नळाशेजारच्या बाकावर उन्हात बसवून, शाल पांघरून नेजिहे त्याच्यापाशी आली. तिला राग आला होता, पण त्याचं तोंड बघून तिने तो गिळला.

"खरंच माहीत नव्हतं तुम्हाला?"

"काय?"

"गुल्तेनच्या वेळी दिवस गेले तेव्हापासून. कांदा बसलाच नाही हिच्या पोटात पुन्हा. बाळंतपण झालं तरी नाही. तुम्ही त्या वर्षी धरणाच्या कामावर रांधायला होता, पार तिकडं पूर्वेला."

"अडतीस वर्षं झाली त्याला."

"झाली की."

"पण ती तर रोज कांदा... अगं, प्रत्येक भाजीत..."

"तुमच्यासाठी. आधी सासऱ्यांसाठी, सासूबाईंसाठी. चिरताना दातात ब्रेडचा तुकडा धरते, वास कमी लागतो म्हणून. आणि स्वतःचं बिनकांद्याचं आधीच काढून ठेवते बाजूला, नाहीतर दही-ब्रेड. तुम्ही समोर तर बसता, एनिश्ते!"

रुश्तूने आठवायचा प्रयत्न केला. त्याला आपली थाळी दिसली. थाळीत वाढणारा तिचा हात दिसला, मनगटावरचा भाजल्याचा डाग दिसला. तिची थाळी कितीही ताण दिला तरी दिसेना. आणि दूर होतो म्हणावं, तर ते कारण नोकरीच्या वर्षांपुरतं. ही शेवटची दोन वर्षं तो रोज तिन्ही वेळा तिच्यासमोर बसून जेवला होता. हॉटेलातल्या बाईने ताट कसं पुसून खाल्लं, हे त्याला अजून आठवत होतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

मग तो आत गेला आणि दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. थंड हवा घुसली, टेबलावरचं कापड फडफडलं. नेजिहेने कढई आणि थाळी उचलली. "कोंबड्यांना घालते," ती म्हणाली. "घाल," तो म्हणाला.

बऱ्याच वेळाने सबिहा आत आली. नेजिहेने तिला दिवाणावर नीट निजवलं, दोन गोधड्या घातल्या, आणि संध्याकाळी येते म्हणून गेली. खोली गार पडली होती, पण वास गेला होता. रुश्तू स्टूल ओढून तिच्याजवळ बसला.

"सांगायचं नाहीस?"

"काय सांगायचं?"

"की मला कांदा नको."

"सकाळी सातला उठून बसलात चाकू घेऊन. जन्मात पहिल्यांदा. आणि मी तोंडावर नको म्हणू?"

"आज नाही. आधी. इतक्या वर्षांत कधीतरी."

"तुम्ही विचारलं कुठं होतं?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. दुधवाला आज आला नाही, हे सांगावं तसं तिने ते सांगितलं. रुश्तूला वाटलं, ती चिडली असती तर बरं झालं असतं. चिडणाऱ्या माणसाची माफी मागता येते.

"चव मात्र चांगली होती हो," ती पुढे म्हणाली, आणि त्याच्याकडे बघून बारीकशी हसली. "कांदा असून. उगीच नाही लोक नाव काढत."

रुश्तूला रडू फुटलं. त्याने ते थोपवलं नाही. तिने गोधडीतून हात काढून त्याच्या गुडघ्यावर ठेवला, आणि तो शांत होईपर्यंत तिथेच राहू दिला. हाताला वजनच नव्हतं.

"आता सांग," नाक पुसून तो म्हणाला. "तुला काय आवडतं? सगळ्यात जास्त. गोड, तिखट, काहीही सांग. मला चारशे पदार्थ येतात, सबिहा. नाव घे, मी आत्ता करतो. नसेल घरात ते अंकाऱ्याहून मागवतो. पण दुसऱ्या कुणाचं नको सांगूस. तुझं सांग."

सबिहाने डोळे मिटले. ती टाळत नव्हती, मनापासून आठवत होती. तिच्या कपाळावर आठी पडली, ओठ हलले, जणू ती एकेका सणाच्या, एकेका दिवसाच्या स्वयंपाकघरात डोकावून येत होती. मध्येच एकदा चेहरा उजळला, रुश्तू पुढे वाकला, आणि ती म्हणाली, "नाही, ते गुल्तेनचं." पुन्हा डोळे मिटले. घड्याळाचा काटा बराच सरकला. शेगडीतलं लाकूड खाली बसलं.

मग तिने डोळे उघडले. आयुष्यभर रोज सकाळी उठल्याबरोबर तिच्या मनात जे यायचं, तेच तोंडून आलं.

"घरात काय आहे?"

रुश्तू उठला, आत जाऊन फ्रिजचं दार उघडलं, आणि तिला ऐकू जाईल अशा आवाजात वरच्या कप्प्यापासून सांगायला लागला. "अंडी आहेत." तो थांबला. "दही आहे." पुन्हा थांबला. "पालक आहे. भोपळ्याची एक फोड आहे. कालचा भात आहे थोडा. लोणी आहे." प्रत्येक नावानंतर तो कान देऊन थांबत होता. खालच्या कप्प्यापर्यंत पोचला तरी दिवाणावरून 'हं' आलं नाही. तेव्हा तो पुन्हा वरच्या कप्प्यापासून सुरू झाला, या वेळी जरा सावकाश.